नवसाची अंडी

जनी : हात काढ आधी. खुडूक कोंबडीच्या खालनं अंडं काढतात का कधी?

वैष्णवी : आये, चारच दे. बाकीची राहूदेत ना तिच्याखाली.

(सापगाव, एप्रिल २००६, सकाळची वेळ. पडवीच्या कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबडी अंडी उबवत बसली आहे आणि टोपलीच्या दोन बाजूंना मायलेकी अडून बसल्या आहेत. पिसं तिघींचीही फुललेली. वैष्णवीची आज एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची, प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा. थोडी पलीकडे सून रेश्मा, वैष्णवीच्या शेखरदादाची बायको, तांदूळ निवडते आहे. तिला तिसरा महिना आहे आणि तिचं लक्ष तांदळात नाही.)

जनी : चार नाय आन् एक नाय. कोळशाची रेघ मारलेली दिसत नाय तुला? रेघेचं अंडं म्हंजे पिल्लूच समजायचं.

वैष्णवी : मला रेघेचंच पाहिजे. खायचं अंडं चालत नाही.

जनी : परीक्षेला मानूस पेन नेतं का अंडं?

वैष्णवी : पेनाचे चारही पेपर झाले गं. आता प्रॅक्टिकल. अंडं फोडायचं, आतला गर्भ काचेवर घ्यायचा नि परीक्षकांना दाखवायचा.

जनी : म्हंजे काल राती कोंबडीचं असं, मानसाचं तसं घोकत व्हतीस, ते ह्येच का? कुनाला डोळा लागू दिला नायस. पंधरावीला बेडूक कापलास, सोळावीला अंडं. सतरावीला काय, म्हस?

वैष्णवी : कॉलेजनं मशीनमधे ठेवली होती अंडी. लोडशेडिंगमधे सगळी गार पडली. सर म्हणाले, ज्याच्या घरी गावठी कोंबडी बसलीय त्यानं आणा. मी म्हटलं, आमच्याकडे तिसऱ्या दिवसाची आहेत.

जनी : लाईट त्यांची गेली आन् भरपाई माज्या कोंबडीनं द्यायची?

वैष्णवी : अंडं नसेल तर शून्य. प्रॅक्टिकलमधे वेगळं पास व्हावं लागतं.

जनी : पेपर चांगले गेले म्हनालीस ना? त्यातलं थोडं इकडं घाल.

वैष्णवी : तिकडचे मार्क इकडे धरत नाहीत.

जनी : पोरगी येकच, शाळा येकच. मंग मार्कांनी वायलं वायलं का राहायचं?

वैष्णवी : नियम आहे, आये. मला पण सगळे कळलेले नाहीत. फॉर्म भरला तेव्हा वाटलं कळले. पण शेखरदादाचा नियम कळलाय ना तुला? मी एकदा नापास झाले की कॉलेज बंद, मुरबाडचं स्थळ बघायला बोलवायचं.

जनी : आन् माज्या नवसाचं काय? गावदेवीला म्हनले, पोरगी सोळावी पास होऊ दे, ह्याच पिल्लांतला कोंबडा तुला.

वैष्णवी : अंडी नाही दिलीस तर मी पासच होणार नाही.

जनी : आन् दिली तर कोंबडा कुठला देऊ?

वैष्णवी : टोपलीत अजून आहेत की.

जनी : तुज्या चारांतच कोंबडा असला तर? वरनं कळतं का?

वैष्णवी : नाही कळत.

जनी : येवढी शिकलीस, तेवढं कळत नाय.

रेश्मा : आत्या, द्या ना. नवस आधीच फेडला समजा.

जनी : काम व्हायच्या आधी नवस फेडतात? देवी काय ॲडव्हान्स घेते? माज्या डोक्याचा पार भुगा केलात दोघींनी. आन् तू मधे पडू नको, रेश्मा. तुज्यापायीच नाय म्हनते मी. घरात पोटुशी बाय असताना बसवलेली अंडी फोडायची? मागल्या साली झालं तेवढं पुरं झालं.

वैष्णवी : आये.

जनी : काय आये? मी काय खोटं बोलले?

रेश्मा : वैशू, तिसऱ्या दिसाच्या अंड्यात काय असतं गो? पानीच असंल ना?

वैष्णवी : नाही वयनी. एक लाल ठिपका असतो, हलणारा. तो हलताना दाखवला तरच पूर्ण मार्क.

रेश्मा : हलतो म्हंजे?

वैष्णवी : हृदय असतं ते.

रेश्मा : तीन दिसांत?

जनी : कोंबडीचं हाय ते. तिचं तीन आठवड्यांत सगळंच आटपतं. मानसाशी काय लावतेस?

रेश्मा : आत्या, मागल्या टायमाला तुमी म्हनालात, काय नव्हतंच, नुसतं रगत व्हतं.

जनी : नव्हतंच.

रेश्मा : तीन म्हयने झाले व्हते मला.

जनी : वैशू, घे गो अंडी. चार म्हनालीस ना? घे तुज्या हातानं. तुजी यष्टी चुकंल. मी डब्यात घालाया कोंडा आनते. कोंडा कुठं ठेवलाय कोन जाने.

रेश्मा : आत्या, कोंडा तर हितंच...

वैष्णवी : गेली. आत्ता तर हात लावू देत नव्हती. मला काही समजेना झालंय हिचं.

रेश्मा : मला समजलं. राहूदे. कोंड्यात गार पडतील ती. हिकडं ये. माज्या जुन्या लुगड्याच्या ह्या फडक्यात घाल. कुर्ता वर धर, कंबरेला बांधते.

वैष्णवी : पोटाशी?

रेश्मा : मंग दुसरी ऊब कुठली? वरनं ओढनी घे. यष्टीत बसताना धक्का लागू देऊ नको. आन् पळायचं नाय.

वैष्णवी : अजून कोंबडीची ऊब आहे गं त्यांना.

रेश्मा : वैशू, मानसाचं कधी हलाया लागतं?

वैष्णवी : आमचं या वर्षी कोंबडीचंच आहे, वयनी.

रेश्मा : काल घोकत व्हतीस त्यात मानसाचंबी व्हतं.

वैष्णवी : ते नुसतं बघून ठेवत होते. माणसाचं पुढच्या वर्षी शिकवतात. पार्ट टूला.

रेश्मा : म्हंजे आज तुला ठाव नाय.

वैष्णवी : नाही.

रेश्मा : गाठ घट्ट नाय ना झाली?

वैष्णवी : नाही, बरोबर आहे.

रेश्मा : मंग पुढल्या सालीच सांग. तवर माजं हे मांडीवर असंल.