खात्री करायचा फोन

आणि वर नातेवाईक मलाच विचारतात, "ज्योत्स्ना, आमाला नुसतं फोनवर कळवलं व्हय गं?" अहो, मलाच कुठं कळवलं होतं कुणी! बीडमध्ये भाड्याच्या खोलीत मी सकाळी चहा गाळतेय, आणि फोनवर फोन, अभिनंदन काय, नवरा काय करतो काय. आई गेल्यापासून ज्यांनी आमच्या दारात पाऊल टाकलं नाही, ते विचारतायत जेवणात काय ठेवलंय! तुम्हीच सांगा, फोन कुणाचा? आबांचा. फाइल कुणी उघडली? आबांनी. आणि लग्न कुणाचं ठरलं? माझं!

झालं असं, की माझे आबा, माणिकराव, झेडपीचे रिटायर मास्तर, तेलगावला घरात एकटेच. त्यांच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून 'शुभविवाह आमंत्रण' नावाची फाइल आली आणि यांनी उघडली. तुम्हाला सांगते, खरी पत्रिका म्हणजे फोटो, फार तर पीडीएफ. नावाच्या शेवटी एपीके दिसलं की ती पत्रिका नसतेच, ते ॲप असतं, चोराचं, तुमच्या फोनात शिरून मेसेज वाचणारं. फोन बिचारा स्वतः विचारत होता, हे धोक्याचं आहे, घेऊ का? आबांनी 'होय' दाबलं. दोनदा! मग तीच फाइल आबांच्या नावानं त्यांच्या यादीतल्या तीनशे बारा जणांना गेली, आणि तीनशे बारा जणांनी एकच अर्थ काढला... माणिकरावांकडून पत्रिका, घरात एकच पोरगी, वय अठ्ठावीस. संपलं.

पहिल्या गाडीनं तेलगाव गाठलं. फोनचं नेट बंद केलं, बँकेला सांगून खातं थांबवलं, सायबर चोरीच्या १९३० नंबरला तक्रार केली, पेन्शन वाचली. उरले तीनशे बारा. एकेकाला फोन... उघडू नका, पुसून टाका, कुणाचंही लग्न नाही. "कावून न्हाई? मोडलं का?" मोडायला आधी ठरावं लागतं ना काका!

आणि आबा? आबा शांत. मी कडाडले, आपल्या बौद्धांत पत्रिकेवर मंगल परिणय लिहितात, शुभविवाह बघूनही उघडलीत? तर म्हणतात, शाळेतला कुणी हिंदू मित्र असंल म्हटलं. "बोलावणं आल्यावर न बघून कसं चालंल? मागच्या टायमाला न्हाई उघडलं, तर काय झालं?"

मागच्या वेळी, अनोळखी नंबरावरचं काही म्हणजे काही उघडायचं नाही, असा दम भरून मीच बीडला परतले होते. त्याच आठवड्यात मनकर्णा आत्याच्या संजयनं नव्या घराचं आमंत्रण धाडलं, तेही नव्या नंबरावरून. आबांनी माझं ऐकलं. पाठचा भाऊ घरभरणीला आला नाही म्हणून आत्यानं दोन वर्षं बोलणं टाकलं. आता तुम्ही म्हणाल, 'धाडणाऱ्याला फोन करून खात्री करा' हे नव्हतं का सांगायचं? माहीत होतं हो. पण माझी गाडी सुटत होती. माझी गाडी नेहमीच सुटत असते...

तर दुपारी तीनला, फोनची यादी निम्मीही झाली नव्हती, दारात कोण? आत्या! लिंबागणेशहून, मांजरसुंब्याला गाडी बदलून, पिशवीत माझ्यासाठी साडी. म्हणाली, "माणिक, तोंडानं न्हाई बोलावलंस, पर बोलावलंस. आले मी."

आबांचा चेहरा असा उजळला, की तुम्हाला सांगते, मी तोंड उघडायलाच नको होतं. पण मी पडले शिकलेली! भडाभडा सगळं सांगून टाकलं, एपीके, चोर, आपोआप गेलेले मेसेज. आत्यानं ऐकून घेतलं. साडीची घडी गुडघ्यावर ठेवून सारखी केली.

"म्हंजी मला चोरानं बोलावलं. भावानं न्हाई."

आबा उठले, तांब्या भरून आणला. "आलीस न्हवं, अक्का. दोन दिस ऱ्हा."

एकच रात्र राहिली. सकाळच्या गाडीत चढताना साडी माझ्या हातात कोंबली, "लग्नाची न्हाई. आशीच."

निघताना मी आबांना नियम नीट पढवला... काहीही येऊ दे, उघडण्याआधी धाडणाऱ्याला फोन करायचा. आणि आबा पाळतात हो! इतके पाळतात की रोज संध्याकाळी यादी काढून बसतात. आत्याला फोन, "अक्का, काही धाडलंस का?" "न्हाई रं." "बरं, खात्री केली. जेवलीस?" की पुढं अर्धा तास! आणि साडेसातला मला. "ज्योत्स्ना, तू काही धाडलंस का?" मी चिडते, आबा, आल्यावर विचारायचं असतं, न येताच काय विचारता? तर म्हणे, "यायच्या आधी इचारलेलं लई बरं."

काल साडेसात झाले. पावणेआठ झाले. फोन नाही. अक्काशी बोलत बसले असतील, चांगलंच आहे की... खोलीत मी, कुकर, आणि समोरची भिंत. मीच करायचा फोन? आणि सांगायचं काय?

मग काय करणार! तुम्हीच सांगा, फोन कुणाचा? माझा. फाइल कुणी धाडली? मी. आत्याची साडी नेसून काढलेला फोटो, एक शब्द न लिहिता धाडून दिला, आणि बसले फोन हातात धरून. नियम पढवलाय ना... उघडण्याआधी विचारतील.