आहे म्हणतो, पण नाही

...नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, अर्धा जबडा बधिर करून झाल्यावर एखाद्याला सांगायचं का, की तुमच्या दाताचा फोटो उघडत नाहीये? पण दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं! हातात पक्कड! वर म्हणतात कशा, "कॉम्प्युटर तुम्हीच बसवून दिलात ना तीन वर्षांपूर्वी? बघा की जरा. नाहीतर अंदाजानं काढते." अंदाजानं!

उठलो तसाच, गळ्यात तो कागदी रुमाल, ओठ लोंबतोय, लाळ गळतेय... फोटो उघडायचा प्रोग्राम कुणीतरी उडवलेला. म्हटलं हरकत नाही, प्रोग्राम शोधून आणून देणारा पॅकेज मॅनेजर असतो ना आत, त्याला विचारू. नुसतं 'फोटो' शोध म्हटलं, तर पठ्ठ्यानं चारशे नावं ओकली, कारण तो नावातही बघतो आणि वर्णनातही बघतो, वर्णनात कुठं फोटो शब्द आला की घुसडलाच! मग त्या उडवलेल्या प्रोग्रामचं पूर्ण नाव टाकलं. आहे म्हणाला. आण म्हटलं, तर म्हणतो, इंटरनेटवरच्या साठ्यात त्या जागी नाही. आहे म्हणतो, पण नाही! आणि मागून बाई, "भूल उतरेल हं."

भीतीनं घाम फुटला, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा शोधायला बाहेर जातच नाही! स्वतःजवळच्या यादीत बघतो, आणि यादी कधीची? तीन वर्षांपूर्वीची! पुन्हा ताजी कुणी केली नाही, म्हणजे मीच केली नाही... आता शिव्या कुणाला द्यायच्या? यादी ताजी केली, पुन्हा शोधलं, आला मुकाट्यानं. फोटो उघडला. खालच्या ओळीत किडका दात, काळाकुट्ट. मला रडूच आलं, म्हटलं वाचलो.

खुर्चीत बसलो, डोळे मिटले, आ केला. पक्कड आत गेली... आणि थांबली. इकडे गेली, तिकडे गेली.

"फोटोत तर आहे," बाई हळूच म्हणाल्या, "पण इथे नाहीये."

आहे म्हणतो, पण नाही! फोटो कधीचा? तीन वर्षांपूर्वीचा! तो दात त्यांनीच तेव्हा काढलेला हो, त्यांनीच!

"मग आज दुखतोय कोणता?"

आता काय सांगू, कपाळ? तुम्हाला सांगतो, भूल इतकी झकास चढली होती की एकही दुखत नव्हता.