सिमची काडी

जमुना : काडी मागितली म्हणून मी आगपेटी आणून देली, तं डोळे वटारता. कोणती काडी, नीट सांगा ना जी!

खुशालराव : सिमची. फोनातलं सिम बाहेर काढाची. टाचणीएवढी असते, एका टोकाले कडी.

जमुना : अस्सं. मंग तिचं नाव काय?

खुशालराव : खोक्यावर इंग्रजीत हाये. मराठीत कोणी ठेवलं नाही. मी काडी म्हणतो, चुकत बी असन.

जमुना : नावच नाही तं सापडन कशी? अन् आजच कावून पाहिजे?

खुशालराव : गजेंद्र येऊन राहिला रविवारी. त्यानं धाडलेला नवा फोन खोक्यातच पडला हाये. इचारन ना तो, बाबा, वापरत कावून नाही?

जमुना : आपल्या घरात दोन-तीन असन अशा. दर फोनासंगं एक येते.

खुशालराव : मंग गेल्या कुठं?

जमुना : एक शेजारच्या दीपमालानं नेली. नेलेली वस्तू ते परत देते काय? एकीनं मी गॅसच्या बर्नरची भोकं कोरत होती, ते मोरीत गेली.

खुशालराव : बर्नरची?

जमुना : नाही तं काय! वर्षातून एकदा लागणारी चीज. नुसती बसून होती.

खुशालराव : अन् नव्या फोनाची?

जमुना : ते तुमच्याच हातात होती. बुधाजीभाऊजीच्या नातीच्या लग्नाहून आले, त्या दिवशी अंगणात बसून काही तरी टोचत होते.

खुशालराव : जुन्या फोनातलं सिम काढत होतो. पण सिमचा खण बाहेर आलाच नाही. जोर लावला तं आत टक वाजलं. मले भेव वाटलं. काडी ठेवून देली, अन् कुठं ठेवली तेच आठवत नाही.

जमुना : थांबा. हे तं नोहे?

खुशालराव : अवं, हेच! तुया बांगडीत कशी?

जमुना : उशीखाली सापडली. कडी दिसली, म्हणून बांगडीतल्या सेफ्टीपिनांच्या झुबक्यात अडकवून देली. म्हणलं, पिनांचीच सोयरी हाये, राहू दे तिथं; मंग इसरूनच गेली. घ्या, अन् आता मायासमोर काढा. कोणत्या भोकात घातली होती?

खुशालराव : ह्या. खाली, चार्जर लावतो त्याच्या बाजूले.

जमुना : चष्मा द्या तुमचा. इथं तं खणच नाही जी! खण असता तं त्याच्याभवती रेघ दिसली असती. हे पाहा, कडेले. इथं रेघ हाये, अन् रेघेत दुसरं भोक हाये.

खुशालराव : मंग मी घातली ते भोक कायचं?

जमुना : हवेचं असन.

खुशालराव : फोनाले हवा कावून लागन?

जमुना : पाणी गेलं तं बाहेर याले.

खुशालराव : एवढ्याशा भोकातून? मले नाही वाटत. पण नक्की बी नाही सांगता येत.

जमुना : मले सांगा, पलीकडच्याचा आवाज वरच्या जाळीतून येते. ते फोनाचं तोंड झालं.

खुशालराव : झालं.

जमुना : मंग आपण बोलतो ते फोन कायनं ऐकते? त्याचा कान कुठं हाये?

खुशालराव : कान...

जमुना : तुमी त्याच्या कानात तं काडी नाही घातली?

खुशालराव : बाप्पा!

जमुना : उठा. आत जा, अन् तिथून माया फोनवर फोन लावा.

(खुशालराव आतल्या खोलीत जातात. बाहेर जमुनाचा फोन वाजतो.)

जमुना : हॅलो. बोला. हॅलो! अजी, बोलता का नाही?

खुशालराव : बोलून तं राहिलो! नाही ऐकू आलं?

जमुना : आता आलं. पण भिंतीतून आलं, फोनातून नाही.

खुशालराव : मले तं तुया आवाज साफ येते.

जमुना : तुमाले येते, लोकाले तुमचा नाही जात. या बाहेर. त्या लग्नापासून कोणाकोणासंगं बोलले ह्याच्यावर?

खुशालराव : मले कोणाचे फोन येते? गजेंद्र तुयाच फोनवर करते. एक बुधाजी.

जमुना : ते काय म्हणते?

खुशालराव : काही नाही.

जमुना : अकोल्याच्या होस्टेलातला दोस्त. रोज संध्याकाळी फोन. अन् काही म्हणत नाही?

खुशालराव : आता नाही करत रोज. हॅलो हॅलो म्हणते अन् ठेवून देते. मी बोलत असतो तरी ठेवते. मागच्या खेपेले घरात कोणाले तरी म्हणला, 'जाऊ दे त्याले.' मी ऐकलं. तवापासून मी बी नाही लावला.

जमुना : अन् मले सांगतलं नाही!

खुशालराव : काय सांगू? चूक माईच. पत्रिकेत 'आशिर्वाद' छापलं होतं. मी चारचौघांत म्हणलं, शी दीर्घ पाहिजे. नातीच्या लग्नात असं कोणी बोलते काय? जन्मात तोंड उघडत नाही, अन् उघडलं तं वेलांटीसाठी.

जमुना : मास्तरकी सुटली, पण लाल पेन नाही सुटला. म्हणून तोंड पाडून बसले होते काय? अजी, त्याइले ऐकूच नसन येत!

खुशालराव : असन. पण फोन बी बिघडला अन् तो बी रागावला, असं दोन्ही होऊ शकते ना?

जमुना : होऊ शकते. इचारू.

खुशालराव : थांब. आधी नव्या फोनात सिम घालतो. मंग उद्या...

जमुना : उद्या कावून? माया फोन धड हाये. हे पाहा, लागला. घ्या.

खुशालराव : तू बोल. तूच बोल आधी.

जमुना : हॅलो, बुधाजीभाऊजी?

बुधाजी : कोण, जमुनावयनी? वयनी, खुशाल बरा हाये ना?

जमुना : बरे हायेत. कावून जी?

बुधाजी : फोन उचलते अन् चूप राह्यते. मले वाटलं, लग्नाच्या गर्दीत त्याच्याकडं धड पाह्यलं नाही मी, ते लागलं त्याले. आमची घरची म्हणे, तुमच्याकडं बडनेऱ्याले जाऊन या. मी म्हणलं, जाऊ दे, त्याले थंड होऊ दे जरासं. माया तं पाय बी उचलत नव्हता. काय तोंड दाखवू?

जमुना : राग नाही भाऊजी. त्याइनं फोनाचा कान फोडला.

बुधाजी : आँ? कोणाचा कान?

जमुना : त्याइलेच इचारा. इथंच बसले हायेत. घ्या जी, घ्या!

खुशालराव : बुधाजी.

बुधाजी : आला! आवाज आला! अबे, होता कुठं तू?

खुशालराव : इथंच. मी बोलत होतो. तुले ऐकू येत नव्हतं.

बुधाजी : दर खेपेले बोलत होता?

खुशालराव : दर खेपेले.

बुधाजी : अन् मी ठेवून देत होतो! काय बोलत होता बे?

खुशालराव : काही नाही. जेवला काय, म्हणत होतो.