खाली तर बरोबर चालतं!

नाही, पण मी म्हणतो, खोली लखलखीत आणि हे यंत्र म्हणतंय धूळ! तुम्हाला सांगतो, आमच्या एल आल्तो शहरात डोळ्यांच्या थेंबांचा कारखाना, थेंब भरायच्या खोलीत हवेतला कण न् कण मोजायचा, आणि मोजणारा मी, रुफिनो. नवं यंत्र आलं तसा रोज लाल दिवा! पुसा, लाल. पुन्हा पुसा, लाल! यंत्र जिथून आलं त्या खाली सपाटीवरच्या सांता क्रूझला फोन लावला, तर तिथला इंजिनियर ओस्वाल्दो गारेगार आवाजात, "खाली तर बरोबर चालतं!" अरे बाबा, खाली चालतं, पण आम्ही वर राहतो ना… चार हजार मीटरवर!

आणि आमच्या कारखान्याचे फाब्रिसिओसाहेब घसरले कोणावर? खोली पुसणाऱ्या सातुर्निनाबाईंवर! "कार्निव्हल तोंडावर आलाय, तुम्ही गुपचूप यंत्राची पूजा केलीत. दारू शिंपडलीत, कागदाच्या चकत्या उधळल्यात, खरं सांगा!" आता आमच्याकडे नवी गाडी, नवी शेगडी, काहीही आलं की पाचामामा धरणीमायच्या नावानं हे करतातच, नाही कोण म्हणतं? पण बाई रडकुंडीला आल्या. "साहेब, एक चकती आत नेली असेल तर पाचामामा मला गिळो!" "मग यंत्र खोटं बोलतं का? सोमवारपासून येऊ नका!" माझं डोकंच फिरलं! पुन्हा फोन… "खाली तर बरोबर चालतं!" म्हटलं, तूच ये वर!

आला. जिना चढून दाराशी पोचला आणि मटकन बसला! ओठ निळे, छाती भात्यासारखी. सातुर्निनाबाईंनीच कोकाच्या पानांचा चहा पाजला, चढून दम लागला की आम्ही तोच पितो. मी म्हटलं, "काय रे, खाली तर बरोबर चालत होतास!" तसा तो यंत्राकडे बघतच राहिला… "अहो, इथं हवा विरळ! ह्याला खालच्या दाट हवेची सवय. ह्याला वाटतं कमीच ओढली, म्हणून माझ्यासारखं आणखी ओढतंय… जास्त हवा, म्हणून जास्त कण!" इथल्या हवेच्या दाबाचा आकडा घातला मात्र, हिरवा दिवा!

साहेबांनी बाईंची माफी मागितली, सोमवारी या म्हणाले, मला तर भरूनच आलं हो! पण गप्प बसतील तर साहेब कसले? सोमवारी यंत्र पुन्हा लाल! आत जाऊन बघतो तर… यंत्राच्या गळ्यात रंगीत झिरमिळ्या, दारूचा भपकारा, खोलीभर चकत्या, आणि बाटली हातात घेऊन साहेब, "असं काय बघतोस? पाचामामाचे आभार नकोत का मानायला?"

सातुर्निनाबाईंनी बादली उचलली. तेवढ्यात ओस्वाल्दोचा फोन, "काय, वर चालतंय ना?"

म्हटलं, चालतंय बाबा… अगदी बरोबर चालतंय!