फोरसूक आणि पापलेट

...आणि वर सर मलाच म्हणतात, “काकू, मासळी काय, कुणीही सोडतं!” तुम्हाला सांगते, मी बाई शांत, निर्जळी उपासातसुद्धा कधी आवाज चढला नाही, पण त्या दिवशी मुरुडच्या कॉलेजात असा चढला... अहो, काशीदला राहून मासळी सोडायची म्हणजे काय, हे त्या इंग्रजीच्या विपुल सरांना काय ठाऊक? गावदेवीला नवस बोलले होते, आमची प्राप्ती इंग्रजीत पास होईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. पोरीनं त्यावरच निबंध लिहिला, ‘माय मदर फोरसूक फिश’, म्हणजे माझ्या आईनं मासळी सोडली. सरांनी ‘फोरसूक’वर लाल रेघ ओढली! म्हणे, शब्द बदल, मग पास करतो!

गेले तडक एसटीनं. सर म्हणाले, “काकू, फोरसूक म्हणजे नुसतं सोडलं नव्हे. जिवाभावाचं टाकलं, पाठ फिरवली. जुन्या काव्यात राजा राज्य सोडतो, साधू संसार सोडतो, संकटात मित्र मित्राला टाकून जातो, तिथला हा शब्द. पापलेटाला नाही शोभत!”

शोभत नाही? राज्य काय हो, कुणीही सोडेल! राजा एकदा वनात गेला, सुटला. त्याला कुणी रोज दुपारी राज्य तळायला बसवत होतं? मी तळते! मीठ चाखायची सोय नाही, नुसत्या वासावर अंदाज! आणि सासूबाई काटा काढत विचारणार, “अगो, मासली सोडलीस ना? मंग डोले कनाला माज्या ताटान?” माझे डोळे म्हणे त्यांच्या ताटात! आता सांगा... राज्य काय हो, कुणीही सोडेल!

सरांनाही तेच सुनावलं. ते हसले, पाणी दिलं, म्हणाले, “बरं काकू, नुसतं ‘गेव्ह अप’ लिहू दे, आजच पास करतो.” देवी पावली म्हटलं! येताना कोळणीकडून पापलेट घेतलं, चांगलं पंज्याएवढं, खास माझ्यासाठी, आणि धावत घरी... प्राप्तीला म्हटलं, “बाळा, एवढा एक शब्द बदल.”

तर पोरगी म्हणते, “आई, तुझ्या त्यागाला मी हलका शब्द लावू? नापास झाले तरी चालेल!” आणि गळ्यात पडली हो... इतका मान मला उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पापलेटाची पिशवी ओट्यावर ठेवली.

आता परीक्षा पुन्हा मार्चमध्ये. पापलेट सासूबाईंनी खाल्लं. मी वाल सोलतेय.