उशिरा सुटलेल्या गोळीबाबत

मी, वय ३६ वर्षे, अविवाहित, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासणे, राहणार थोरल्या भावाच्या घरी, वरचा मजला, समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

घरात दादा, वहिनी आणि मी असे राहतो. दादाचे कुलपे-किल्ल्यांचे दुकान आहे. पॉइंट टू-टूचे पिस्तूल पूर्वी त्याचे होते. ते घेऊन तो नेमबाजीच्या स्पर्धांत उतरायचा. आजारपणानंतर त्याचा हात कापू लागला, तेव्हा रीतसर कागद करून ते त्याने माझ्या नावावर केले. परवाना माझा आहे.

अलीकडे हे पिस्तूल भरवशाचे राहिले नव्हते. चाप ओढला की कधी गोळी सुटे, कधी नुसता टक् आवाज येई. या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. चाप ओढल्यावर पिस्तुलातली सुई त्या कडेवर हलकी बसली किंवा कडेत मसाला कमी पडला की असे होते. नेमबाजी केंद्रात ज्यांच्याकडे असे पिस्तूल आहे, त्या प्रत्येकाचे मत वेगळे. दंतवैद्यबाई म्हणाल्या, काडतुसांची कंपनी बदल. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "स्प्रिंग बदल. माझं आता मुकाट चालतं." मी दोन्ही केले. फरक पडला नाही. दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! चाप अर्धवट दाबतेस तू. पिस्तुलाला नावं ठेवू नकोस."

रविवारी सकाळी दादा माझ्याबरोबर केंद्रावर आला. आजारपणानंतर प्रथमच. वहिनीने त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. माझ्या हातून सुरुवातीलाच टक् झाले. अशी गोळी कधी उशिरा पेट घेते, म्हणून नळी निशाणाकडेच धरून मी थांबले, मग काडतूस काढून टाकले. दादा म्हणाला, "दे इकडे. दाखवतो तुला."

मी दिले. त्याला परवानगी नाही हे मला माहीत होते. त्याने दोन्ही हातांनी धरले. हात स्थिर व्हायला वेळ लागला. शेजारचे नेमबाज थांबून राहिले. त्याने चाप ओढला. टक् झाले. त्या वेळच्या त्याच्या चेहऱ्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

"दादा, थांब, नळी समोरच ठेव," असे मी म्हणत होते, तेवढ्यात दादाने पिस्तूल आडवे घेतले. त्याचा डावा हात नळीपुढे आला आणि गोळी सुटली. ती तळहातातून आरपार जाऊन वाळूच्या पोत्यात शिरली. मी टॉवेल घट्ट बांधला. तो म्हणाला, "बघ, उडते की नाही? पिस्तूल चांगलंय."

दोन बोटे बहुधा वळणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. किल्ली घासताना ती डाव्या हातात धरावी लागते. वहिनी दवाखान्यात माझ्याशी एवढेच बोलली, "तू जेवलीस का?"

माझा परवाना रद्द व्हावा, असे केंद्राच्या चिटणीसांनी लिहून दिल्याचे कळले. माझी हरकत नाही. कोणाविरुद्ध तक्रारही नाही. पिस्तूल तपासणीला जाणार आहे. त्यात दोष निघाल्यास मला कळवावे. दादाला कळवू नये.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. "पिस्तूल आडवे घेतले" याच्या आधी "हलगर्जीपणे" असा शब्द पडला होता. तो मी बोलले नव्हते. माझ्यासमोर खोडला आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.