जमा न केलेला बिल्ला

मी मूळची वटारची, लग्न होऊन निर्मळला आले, म्हणजे गाव बदललं पण फुलांची वाडी काय सुटली नाय. लहानपणी बाबांबरोबर चाफ्याची फुलं मोजून पुड्या बांधायचे, एक फूल कमी पडलं तर बाबा अख्खी पुडी सोडायला लावायचे, बोलायचे, गिऱ्हाईक मोजो न मोजो, आपण मोजायचं. ती खोड अंगात मुरली ती मुरलीच. पुढे नव्वद सालानंतर खासगी विमान कंपन्या निघाल्या ना, त्यातल्या एकीत आतेभावाच्या ओळखीने चिकटले, टूलरूममध्ये.

काय सांगू तुम्हाला, टूलरूम म्हणजे पाने, पकडी, टॉर्च आणि खिळे मारलेला एक मोठा फळा. कामावरच्या प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला, माझासुद्धा. मेकॅनिकला पाना न्यायचा तर बिल्ला माझ्याकडे द्यायचा, मी तो पान्याच्या जागी टांगायचे, पाना आला की बिल्ला परत. पाना विमानात राहिला तर माणसं मरतील, म्हणून मोजणी जुळल्याशिवाय विमान सुटायचं नाय, साहेब कितीही पाय आपटू दे. आणि बिल्ला कायमचा जमा कोण करणार, तर नोकरी सोडणारा. रजिस्टरला जमा लिहिलं की माणूस सुटला.

मग कंपनी बुडाली. विमानं उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेलं, नवा मालक येणार असं कानावर आलं, आणि साहेब लोक बोलायला लागले की जुना करार विसरा, पाहिजे तेवढीच माणसं घेऊ. करारात होतं की मालक बदलला तरी घ्यायचं तर सगळ्यांना घ्यायचं. युनियनचा सेक्रेटरी पास्कल, इथलाच, आमच्या निर्मळचा, तो बोलायचा, करार आहे तोवर आपण सगळे, करार गेला की जो तो एकटा. करार त्याला तोंडपाठ, कोर्टात बोलणार तोच.

आणि नेमकी त्याच्याच बाबतीत माझ्या हातून चूक झाली. तो पण मेकॅनिकच, उभ्या विमानांची देखभाल चालू होती, एका दुपारी त्याने पाना परत केला आणि मीटिंगच्या घाईत बिल्ला काउंटरवरच विसरून गेला. संध्याकाळी बंद करताना बघते तर पाने सगळे जागेवर आणि एक बिल्ला जास्त. दुसरी कोणी असती तर बोलली असती, उद्या देऊ. पण माझी खोड, मोजणी जुळलीच पाहिजे, मी लिहून टाकलं, जमा. मेलं अक्षरसुद्धा किती सुबक. सकाळी बिल्ला त्याला परत दिला, पण रजिस्टरची ओळ तशीच राहिली.

पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलाने तेच पान दाखवलं, बोलला, हा तर नोकरी सोडून बसलाय, हा कामगारांच्या वतीने कसा बोलतो. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. त्यानंतर मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, बाई, नव्या मालकाला टूलरूम सांभाळणारी लागेलच, तुम्ही काही बोलू नका, बस. बघा, खोटं बोल असं पण नाय सांगितलं, नुसतं गप्प राहायचं. घरी आमच्या ह्यांना काम नव्हतं, मुलगी दहावीला. आणि पास्कल, त्याने एका शब्दाने दोष दिला नाय, रविवारी चर्चमधून मिस्सा करून येताना सायकल थांबवून बोलला, वहिनी, तुम्हाला घर आहे, मी समजतो. त्याचं ते समजून घेणंच मला लागलं.

पुढच्या तारखेला मी कोर्टात उभी राहिले. जजना बोलले, साहेब, अक्षर माझं, चूक माझी, ह्या माणसाने नोकरी सोडलेली नाय, मी फळा जुळवायला लिहिलं. वकील बोलला, म्हणजे तुम्ही रजिस्टरला खोटं लिहिता. मी बोलले, हो, एकदा लिहिलं.

पास्कलला बोलू दिलं, करार टिकला. पण कंपनी नाय टिकली हो, नवा मालक करार बघून परत फिरकलाच नाय. काही जण अजून बोलतात, ही गप्प बसली असती तर निदान अर्धे तरी कामाला लागले असते. असेल, त्यांचंही बरोबर असेल.

आता वाडीत चाफा आहे, मी पुड्या बांधते. पास्कल स्कूटर दुरुस्त करतो, सणाला चर्चच्या आल्तारासाठी फुलं माझ्याकडूनच नेतो, कधी मोजून घेत नाय. सगळ्यांच्या पोरांचं देवाने बरं करावं, बोलणाऱ्यांच्यासुद्धा.

टूलरूमला कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्यांचे बिल्ले मीच घेतले, एकेक करून फळ्याला टांगले, रजिस्टरला लिहिलं. माझा तेवढा पदरात बांधून घरी आणला. एक खिळा रिकामा राहिला तिथे, आणि मी तशीच सही करून निघाले.